सेंद्रिय भाजी आणि रक्तदाब

सेंद्रिय अन्न खाल्ल्याने रक्तदाब उतरतो, असे आजवरच्या संशोधनातून सिद्ध झालेले नाही. भाज्या, फळे, कडधान्ये भरपूर आणि मीठ बेताचे अशा आहाराने तो उतरतो, हे मात्र नीट सिद्ध झालेले आहे, आणि त्यासाठी भाजी सेंद्रियच असावी लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ताटात येत असल्याने त्यांची गल्लत होते. एखाद्या घरात सेंद्रिय माल सुरू होतो तेव्हा बहुधा फरसाणाचे पुडे कमी होतात, पालेभाजी रोज शिजू लागते, बाहेरचे खाणे घटते. काही महिन्यांनी बीपीच्या मशीनवर आकडा थोडा खाली दिसतो आणि श्रेय पिशवीवरच्या ‘ऑरगॅनिक’ या शब्दाला जाते. खरे काम ताटात काय वाढले गेले आणि काय बंद झाले, याने केलेले असते.

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील उमेळे आणि आसपासच्या गावांना हा प्रश्न इतरांपेक्षा जवळचा आहे. वसईचा हरित पट्टा हा मुंबईला केळी, भाजीपाला, फुले आणि नागवेलीची पाने पुरवणारा जुना भाग. विहिरीच्या पाण्यावर पोसलेली वाडी, तिला शेणखत, पेंड आणि मासळीचे खत, ही इथली पूर्वापार पद्धत. ‘सेंद्रिय’ हे नाव तिला कुणी दिले नव्हते इतकेच. त्याच पट्ट्याच्या कडेला नायगाव-भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे आणि नायगाव, पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांत वाळणारी मासळी. रक्तदाब कमी करणारी भाजी आणि तो वाढवणारे मीठ, दोन्ही एकाच तालुक्यात पिकतात. इथल्या माणसाने पैसे आणि लक्ष कुठे घालावे, हे ठरवायला थोडे संशोधन आणि थोडा स्वयंपाकघराचा हिशेब, दोन्ही लागतात.

सेंद्रिय या शिक्क्याचा अर्थ पिकवण्याच्या पद्धतीशी बांधलेला आहे. रासायनिक खते आणि कृत्रिम कीटकनाशके वापरली नाहीत, जमीन ठरावीक काळ तशीच जोपासली, नोंदी ठेवल्या, एवढे तो सांगतो. त्या वांग्यात किती पोटॅशियम आहे, त्या लोणच्यात किती मीठ आहे किंवा ते बिस्किट खाण्याजोगे आहे की नाही, याबद्दल तो काही सांगत नाही. सेंद्रिय साखर ही साखरच असते. सेंद्रिय उडदाचा पापड पापडखार आणि मीठ घालूनच लाटलेला असतो. रक्तदाबाच्या रुग्णाने हा फरक पहिल्यांदा मनात पक्का करावा, कारण दुकानातल्या सेंद्रिय फळीवरचा बराचसा माल आता ताजी भाजी नसून पाकीटबंद खाऊ असतो.

संशोधनात काय सापडले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेंद्रिय आणि नेहमीच्या अन्नात जीवनसत्त्वांचा म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. त्या ढिगात थेट माणसांवर केलेले अभ्यास जेमतेम १७ होते आणि त्यांतला सर्वांत लांब दोन वर्षांचा. रक्तदाबाचे दुष्परिणाम दहा-वीस वर्षांत उलगडतात. त्यामानाने हा काळ फारच तोकडा. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, युरोपातील संशोधकांनी ३४३ प्रकाशित अभ्यास तपासून थोडे वेगळे चित्र मांडले: सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक, कॅडमियम हा विषारी धातू सरासरी निम्म्याने कमी, आणि कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता नेहमीच्या मालाच्या चौथाई. हे निष्कर्ष पिकाबद्दल आहेत, ते पीक खाणाऱ्याच्या रक्तदाबाबद्दल नाहीत. मधली पायरी अजून कुणी नीट चढलेले नाही.

माणसांच्या मोठ्या गटांवर नजर ठेवून केलेले अभ्यास अधिक आशादायक दिसतात, पण त्यांना एक जुनी अडचण आहे. फ्रान्समधील एका मोठ्या पाहणीत सेंद्रिय अन्न अधिक खाणाऱ्यांत पोटाचा वाढलेला घेर, वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब या एकत्र येणाऱ्या तक्रारी कमी आढळल्या. ही मंडळी तशीही अधिक शिकलेली, कमी धूम्रपान करणारी, अधिक हालचाल करणारी आणि भाज्या जास्त खाणारी होती. हिशेबात या गोष्टी वजा करण्याचा प्रयत्न होतो, पण सगळ्या वजा होत नाहीत. नॉर्वेतल्या, पहिल्यांदाच बाळंत होणाऱ्या २८ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्षही २०१४ मध्येच आला. गरोदरपणात सेंद्रिय भाज्या वारंवार खाणाऱ्यांत गर्भारपणातील रक्तदाबाच्या गंभीर विकाराचे, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचे, प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. सेंद्रिय अन्न आणि रक्तदाब यांच्यातले हे बहुधा सर्वांत बोलके नाते. तरीही ते निरीक्षणच आहे. सेंद्रिय फळे, धान्ये, दूध वा अंडी खाणाऱ्यांत असा फरक दिसला नाही, केवळ भाज्यांत दिसला. त्यामुळे सेंद्रियपणाचे श्रेय किती आणि भाजीचे किती, हा प्रश्न तिथेही उरतोच.

उलट बाजूने पाहिले तर भाजीपाल्याच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या अमेरिकी प्रयोगात ४५९ प्रौढांना काही आठवडे जेवण मोजून पुरवले गेले. फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध-दही, अख्खी धान्ये आणि काही दाणे असा आहार मिळालेल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी साडेपाच अंकांनी उतरला. ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता त्यांचा ११ अंकांहून अधिक. तोही मीठ न बदलता, वजन न घटवता, आणि दोनेक आठवड्यांतच. पुढे २००१ मध्ये याच आहारासोबत मीठही कमी करून पाहिले, तेव्हा परिणाम आणखी वाढला. या प्रयोगातले अन्न साध्या बाजारातले होते. एखाद्या गोळीइतका फरक पाडणाऱ्या आहाराला सेंद्रिय शिक्क्याची गरज पडली नाही, ही बाब सेंद्रियच्या जाहिरातींत कधी वाचायला मिळत नाही.

हा आहार काम कसा करतो, हे समजले की ताट आखणे सोपे जाते. मिठातला सोडियम अंगात पाणी धरून ठेवतो, रक्ताचे आकारमान वाढवतो आणि कालांतराने रोहिण्यांच्या भिंती ताठर करतो. फळे-भाज्यांतले पोटॅशियम मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावते आणि रक्तवाहिन्या सैल करते. तिसरा घटक कमी परिचित आहे. पालक, माठ, मुळ्याचा पाला, बीट यांत नायट्रेट असते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. हा वायू रक्तवाहिन्या रुंदावतो. लंडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज पाव लिटर बीटचा रस दिला, तेव्हा वरचा आकडा सुमारे साडेसात-आठ अंकांनी उतरला. गंमत अशी की नायट्रेट हे बरेचसे खतातल्या नायट्रोजनवर अवलंबून असते. वर सांगितलेल्या २०१४ च्या युरोपीय आढाव्यात सेंद्रिय पिकांत नायट्रेट सरासरी सुमारे ३० टक्क्यांनी कमीच आढळले होते. म्हणजे केवळ या एका घटकापुरते बोलायचे तर युरिया खाल्लेला पालक पुढे निघतो. यावरून रासायनिक पालक चांगला असे कुणी ठरवू नये. ‘सेंद्रिय म्हणजे सर्व बाबतींत सरस’ हे गृहीतक मात्र इथे ढासळते.

आता स्वयंपाकघराचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक खातो, असे वेगवेगळ्या पाहण्यांतून दिसते. घरात हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. चार प्रौढांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅमच्या आत मीठ संपायला हवे. एक किलोची पिशवी महिन्यात रिकामी होत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर गेलेच. त्यात बाहेरचा वडापाव, पाव-बिस्किटे, फरसाण धरलेलेच नाही. पिशवीवर आणल्याची तारीख पेनाने लिहिली, तरी पुरते. मासळी धुण्यासाठी, मीठ चोळण्यासाठी वापरलेले मीठ अर्थात वजा करावे.

वसई पट्ट्यात मिठाची सर्वांत मोठी वाट सुक्या मासळीतून येते, पण सगळी सुकी मासळी एकसारखी नसते. बोंबील, जवळा, करंदी बहुधा वलांडीवर किंवा जमिनीवर उन्हात वाळवतात. त्यात मीठ नसते किंवा कमी असते. खारवलेला बांगडा, सुरमई, मुशी यांची गोष्ट वेगळी. ते मिठात मुरवूनच टिकवलेले असतात आणि एका तुकड्यात दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा बसतो. रक्तदाब असलेल्या घरी खारे मासे महिन्यातून एखाद्या वेळी, आणि तेही आधी पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा धुऊन करावेत. त्या कालवणात वेगळे मीठ घालू नये. सुक्या बोंबलाच्या चटणीला इतकी कडक बंदी नको, मात्र तीही मिठावर हात आखडून कुटावी. चव राखायला कोकम, चिंच, कैरी, लसूण, ओली हळद, मिरी या गोष्टी या किनाऱ्यावर घरोघरी आहेतच. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, नंतर पूर्वीचे जेवणच खारट लागू लागते.

सैंधव, काळे मीठ, समुद्री मीठ किंवा मिठागरातले जाड मीठ यांतल्या कशानेही रक्तदाब वाचत नाही. सगळ्यांचा मुख्य भाग सोडियम क्लोराइडच असतो; खनिजांचे जे थोडे अंश सैंधवात असतात, ते औषधी ठरावेत इतके नसतात. आयोडीन नसलेले मीठ कायमचे वापरले तर गलगंडाचा जुना प्रश्न मात्र परत येऊ शकतो. खरा फरक पडतो तो काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेल्या मिठाने. चीनच्या ६०० गावांत सुमारे २१ हजार माणसांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. सहभागी माणसे बहुतांशी आधी पक्षाघात झालेली किंवा रक्तदाबाची होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तातले पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते वापरू नये. त्या गोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन येते, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्याही येतात. अशांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय मीठ बदलू नये.

मिठाची एक वाट विहिरीतूनही येते. वसईतले गोडे पाणी भूगर्भातून उपसून टँकरने शहरी वसाहतींना विकले जाऊ लागले, तेव्हा वाड्यांच्या विहिरींत खारे पाणी शिरू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने उभारलेल्या लढ्यात हे पाणीही एक मुद्दा होते. खारट विहिरीचे पाणी रोज पिण्यात आणि भात शिजवण्यात आले, तर सोडियमची भर पडते. बांगलादेशाच्या किनारपट्टीवर गरोदर स्त्रियांत पाण्याचा खारटपणा आणि वाढलेला रक्तदाब यांचा संबंध आढळला आहे. नंतरच्या एका अभ्यासात तिथेच पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे उलट चित्रही दिसले, त्यामुळे हा विषय पुरता मिटलेला नाही. तरी रक्तदाबाच्या रुग्णाने जिभेला खारट लागणारे पाणी पिऊ नये, आणि नळाचे पाणी येत असेल तर पिण्याला व शिजवण्याला तेच वापरावे. वाडीतली भाजी सेंद्रिय आणि ती शिजवायचे पाणी मचूळ, अशी उलटी घडी बसू देऊ नये.

पोटॅशियमच्या बाबतीत वसईकर नशीबवान आहे. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. प्रौढाला दिवसाला निदान ३५१० मिलिग्रॅम मिळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. रताळे, शेवग्याचा पाला, अळू, लाल माठ, चवळी, वाल, मूग, नारळाचे पाणी, दही यांतून ही बेरीज भरते. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी हा वसईचाच माल. पाणी उडून गेल्याने तिच्यात पोटॅशियमही दाटते आणि साखरही. मधुमेह नसलेल्याला एखादी सुकेळी पेढ्यापेक्षा केव्हाही बरी. मधुमेह असेल तर ती केळ्याइतकीच, किंबहुना जास्त, हिशेबात धरावी. ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे त्यांनी केळी, नारळपाणी, रताळी यांचे प्रमाण डॉक्टरकडून ठरवून घ्यावे. रक्तातले पोटॅशियम अति वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि ते जिवावर बेतू शकते.

मग सेंद्रिय घ्यावे की न घ्यावे? परवडत असेल तर जरूर घ्यावे, पण कारण नीट ठेवून. कीटकनाशकांचे अंश पोटात कमी जातात. जमीन आणि विहीर सुरक्षित राहते. आणि सर्वांत मोठा फायदा खाणाऱ्याला होण्याआधी पाठीवर पंप बांधून फवारणी करणाऱ्याला होतो. वसईपासून उत्तरेला, महाराष्ट्राची हद्द ओलांडताच लागणाऱ्या गुजरातमधील उंबरगावजवळच्या देहरी गावात भास्कर सावे यांनी ‘कल्पवृक्ष’ या आपल्या वाडीत अनेक दशके रसायनांविना नारळ-चिकू पिकवून दाखवले. जपानचे नैसर्गिक शेतीचे आचार्य मासानोबु फुकुओका ती वाडी पाहायला आले होते. सावे २०१५ मध्ये गेले. याच किनाऱ्याच्या मातीत अशी शेती चालते याला याहून वेगळा दाखला शोधायला नको. रक्तदाबाचे औषध म्हणून मात्र ती कुणी मांडू नये.

पैसे मोजके असतील तर क्रम उलटा लावू नये. सेंद्रिय माल महाग म्हणून आठवड्यात दोनदाच भाजी आणणारे घर, साध्या बाजारातून रोज दोन भाज्या आणणाऱ्या घरापेक्षा रक्तदाबाच्या बाबतीत मागे राहते. भाजीची मात्रा आधी, शिक्का नंतर. उरलेल्या पैशांत दंडावर बांधायचे चांगले बीपी मशीन आणि महिन्याच्या गोळ्या आल्या, तर तो खर्च सार्थकी लागतो.

पाकीटबंद सेंद्रिय माल घेताना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची ‘जैविक भारत’ ही खूण पाहावी. त्यामागे दोन प्रकारची प्रमाणपत्रे असतात: अपेडा या केंद्रीय संस्थेमार्फत चालणारा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आणि शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते तपासण्याची पीजीएस-इंडिया पद्धत. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला लहान शेतकरी थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र त्याने ती खूण वापरता कामा नये. म्हणजे ओळखीच्या वाडीवाल्याकडे खूण नसणे हा दोष नाही, आणि अनोळखी दुकानात सुट्या भाजीवर नुसती हिरवी पाटी असणे हा पुरावा नाही. ओळखीच्या वाडीवाल्याला काय फवारले, केव्हा फवारले आणि तोडणी केव्हा केली, हे तीन प्रश्न विचारता येतात. दुकानातली पाटी त्यांची उत्तरे देत नाही.

पावसाळ्यात तर शिक्का नसलेली सेंद्रिय भाजी दारात येते. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बाया टोपलीतून शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी विकायला आणतात. रानात आपोआप उगवणाऱ्या या भाज्यांवर कुणी औषध मारत नाही. टाकळा, कुर्डूसारख्या पाल्यांत मीठ कमी आणि ताटाला हिरवा भाग भरपूर, असा दुहेरी लाभ. शेवळे घशाला खवखवतात, म्हणून त्यांच्यासोबत आंबट काकडफळे घालण्याची रीत सोडू नये. रस्त्याकडेच्या धुळीत, नाल्याकाठी उगवलेला पाला घेऊ नये. जड धातू तिथूनच येतात.

साधी भाजी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुतली, पालेभाजीची पाने सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढली आणि कोबीची वरची पाने टाकली, तर पृष्ठभागावरचे अंश बरेच कमी होतात. झाडाच्या आत मुरणारी औषधे धुण्याने जात नाहीत. सालपट काढता येते तिथे ते काढावे. साबण लावू नये. भाजी खूप पाण्यात उकडून पाणी फेकले तर पोटॅशियमही गटारात जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला हेच मुद्दाम करायला सांगतात. इतरांनी झाकण ठेवून, अंगच्या रसात शिजवलेले बरे.

नैसर्गिक या शब्दाच्या आधाराने रक्तदाब वाढवणाऱ्याही काही गोष्टी घरात शिरतात. ज्येष्ठमध हे त्यांतले ठळक उदाहरण. घशाच्या काढ्यात ते दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात घेतले, तर अंगात मीठ-पाणी साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वर चढतो. आम्लपित्तावरची फसफसणारी पावडर म्हणजे मुख्यतः सोडियम बायकार्बोनेट. ताडी-माडी ताडामाडावरून उतरलेली आणि निर्भेळ असली तरी आंबल्यावर ती दारूच, आणि दारू रक्तदाब वाढवते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या नैसर्गिक नसल्या तरी यादीत हव्यात. कित्येकांचा ‘गोळी घेऊनही न उतरणारा’ रक्तदाब त्यांच्यामुळे अडलेला असतो.

आहार लागू पडतो आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. चहा, तंबाखू किंवा चालून येणे यानंतर अर्धा तास थांबावे. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ आठवडाभर करून सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त आणि घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त हा सर्वसाधारण उंबरठा. एका दिवसाच्या चढलेल्या आकड्याने घाबरू नये, उतरलेल्याने हुरळू नये.

सुरू असलेली गोळी सेंद्रिय आहाराच्या भरवशावर बंद करणे हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा निर्णय. रक्तदाब वाढलेला असताना बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, त्यामुळे गोळी सोडल्यावरही काही दिवस सगळे ठीक वाटते. पुढे पक्षाघात किंवा हृदयविकार थेट दारात उभा राहतो. मीठ घटवून, भाजी वाढवून आणि वजन उतरवून आकडे खरोखर खाली आले, तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात. वही दाखवून तसे विचारावे. वजनाचा हिशेबही सोपा आहे: उतरलेल्या दर किलोमागे वरचा आकडा साधारण एका अंकाने खाली येतो. गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. अॅम्लोडिपिनसारखी साधी, स्वस्त गोळी आणि ठरलेला उपचारक्रम हा त्याचा गाभा आहे.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, बोबडे बोलणे किंवा अचानक अंधुक दिसणे यांतले काहीही असेल, तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशी लक्षणे नसतील तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत मात्र इतकी वाट पाहू नये. १४०/९० ला पोहोचताच, विशेषतः डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असेल तर, तिला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञाकडे न्यावे.